सेलमची पोरगी, विट्याची शाळा

सेलम स्टेशनावर गाडी लागली तेव्हा आईनं माझ्या वेणीतला गजरा काढून घेतला. "गाडीत कोमेजंल त्यो," म्हणाली आणि रुमालात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत टाकला. खरं कारण वेगळं होतं. विट्याकडं शाळकरी मुली रोज गजरा माळत नाहीत, हे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं. शेजारच्या सेल्वी अक्का मुरुक्कूचा डबा घेऊन आल्या होत्या. मुरुक्कू म्हणजे आपल्या चकलीची सख्खी बहीण. आप्पा मला पोचवायला येणार होते आणि आई मागं राहणार होती, कारण दुकानातल्या कामगारांचं जेवण तिच्यावर होतं. गाडी हलली तेव्हा ती खिडकीबरोबर धावली वगैरे नाही. पदर कमरेला खोचून तिथंच उभी राहिली, परत जाऊन भात लावायचाय अशी. लावायचाच होता.

फलाटावरचा प्रत्येक माणूस म्हणत होता, पोरगी गावाला चालली, घरी चालली. मी नुकती सातवी पास झालेली, मला काही तोंड नव्हतं. पण घर तर मागं पडत होतं. पैंजणांच्या कारखान्यांची गल्ली, सकाळी दारासमोर सेल्वी अक्कांनी काढलेलं कोलम म्हणजे तिथली रांगोळी, शाळेतली कविता नावाची माझी मैत्रीण, आणि आमचं वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, जिथं खालच्या भट्टीची ऊब जमिनीतून पायाला लागायची. गाव मी फक्त यात्रेला बघितलेलं. वर्षातले चार दिवस, नवे कपडे, भरपूर लाड.

हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा आमचा धंदा. सोनार असेल तिथं गलाईवाला असतोच, म्हणून कुणी मदुराईत, कुणी पाटण्यात, कुणी केरळात दुकान टाकून बसलेलं. पोरं तिथं जन्मतात, तिथल्या शाळेत जातात, आणि यात्रेला गाडीभर खाऊ घेऊन गावी येतात. तुमच्यापैकी कुणाला मधूनच उचलून गावच्या शाळेत घातलं असेल, तर पुढचं वाचताना तुम्ही माना डोलवाल. आणि जे मागं राहिले त्यांना कळू दे की आम्ही निघून गेलो ते फार मजेत नव्हतो.

सेलमच्या शाळेत मी "सेट्टु पोण्णु" होते. सेट्टु म्हणजे शेठ. उत्तरेकडून आलेला, सोन्याचांदीत बसणारा कुणीही तिथं सेट्टु. आप्पांच्या हाताची कातडी तेजाबानं पिवळी पडलेली, आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहायचो, तरी मी शेठची पोरगी. तिथल्या टीचर माझ्याशी गोड वागायच्या, पण मला फारसं विचारायच्या नाहीत. ही पोरगी आज ना उद्या गावाला जाणार, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. एकदा मी वर्गात पहिली आले तेव्हा त्यांनी कौतुक केलं आणि दुसऱ्या नंबरच्या मुलीला जवळ घेऊन सांगितलं, "पुढच्या वर्षी तुझाच पहिला."

आणि आप्पांनी त्यांचं खरं केलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "पोरीची जात. आपल्या मान्सांत शिकली तर उद्या चार लोकांत वळख ऱ्हाईल. हितं कोण हाय आपलं?" आईनं विरोध केला नाही. केला असेल तर मला दिसला नाही.

बंगळुरूत गाडी बदलली, मिरजेला उतरलो, तिथून तासगावमार्गे एसटीनं विटा आणि पुढं अर्ध्या तासावरचं गाव. चुलते-चुलती तिथं शेती बघायचे. आप्पा दोन दिवस राहिले आणि जाताना म्हणाले, "धावी झाली की न्यायाला येतो." दहावी म्हणजे तीन वर्षं. मी मान हलवली. चुलतीनं मला स्वतःच्या पोरीसारखं सांभाळलं, तिच्याबद्दल माझी एक तक्रार नाही. पण रात्री जमीन थंड असायची. पायाला ऊब लागायची नाही आणि झोप यायची नाही.

शाळा विट्याला. मला सेमीच्या वर्गात घातलं, गणित-विज्ञान इंग्रजीतून, ते मला पाणी होतं. मराठी, हिंदी, इतिहास हे तीन विषय मात्र देवनागरीत. आईनं कॅलेंडरवरून अक्षरं शिकवली होती, त्या जोरावर मी आठवीत बसले. बोलता उत्तम यायचं, गावाकडच्या म्हातारीसारखं यायचं, कारण माझी मराठी आईआप्पांनी गाव सोडलं त्या साली थांबलेली. वर्गातल्या मुली "माझी बॅटरी डाऊन झाली" म्हणायच्या तेव्हा मी "जीव दमला बया" म्हणायचे. धडा वाचायला उभी राहिले की एकेक अक्षर जोडत चालायचे आणि मागून कुणीतरी माझ्याबरोबर घोरण्याचा आवाज काढायचं. पहिल्या आठवड्यात नाव पडलं, मद्रासी. मी सांगून बघितलं, मद्रास सेलमपासून लांब आहे. त्याचा काय उपयोग होणार होता?

नाव बदललं ते शनिवारच्या सफाईमुळं. सकाळची शाळा सुटली की पाळीनं वर्ग झाडायचा. माझी पाळी आली तेव्हा मी झाडून सगळी धूळ वर्तमानपत्रात गोळा केली, नीट घडी घातली आणि कपाटामागं ठेवली. पुढच्या पाळीलाही ठेवली. गलाईच्या घरात केर कधी दाराबाहेर जात नाही. भट्टीजवळची धूळ, पायपुसणं, झिजलेला झाडू, सगळं डब्यात साठवायचं आणि वर्षातून एकदा जाळून, धुऊन त्यातलं सोनंचांदी काढायचं. कळायला लागल्यापासून मी हेच बघितलेलं. केर टाकणं म्हणजे माझ्या दृष्टीनं दूध ओतून देणं. शाळेत सोनं नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. हाताला कळत नव्हतं.

वर्गशिक्षिका शिंदे बाईंना एके दिवशी त्या पुड्या सापडल्या. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे काय आहे?"

"धूळ हाय, बाई."

"ती दिसतेय. ठेवलीस कशाला?"

"टाकायची नसती," मी म्हणाले.

वर्ग हसला. बाईही हसल्या, त्यांना दोष नाही, कुणीही हसलं असतं. त्या दिवसापासून मी धूळवाली झाले. बाकावर बसायला गेले की शेजारची फुंकर मारून जागा साफ करायची. पाळी असेल तेव्हा मुलं दोन मुठी माती जास्त आणायची, "घे, तुझ्या बापाला पाठव." मद्रासी परवडलं होतं. ते निदान माझ्यावर होतं, हे आप्पांवर गेलं. त्या संध्याकाळी फोनवर आप्पांनी विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हणाले, "लय भारी." मागून भट्टीच्या पंख्याचा आणि गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. फोन ठेवल्यावर मी गोठ्यात जाऊन रडले, आणि ते पुढं अनेकदा चाललं.

वर्गातली शबाना तांबोळी एकटीच मला विचारायला आली की खरंच, का ठेवलीस? एसटी स्टँडजवळ तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं, चार पिढ्यांचं. मी सांगितलं. ती विचार करून म्हणाली, "मग आमच्या दुकानातली फुटकी काच बी ठेवायची काय?" आणि आम्ही दोघी हसलो. त्या शाळेत मी पहिल्यांदा मनापासून हसले ते तेव्हा. शबाना विट्याचीच, पण तिलाही डब्याच्या वेळी "तुमच्यात असं असतं का?" हे अधूनमधून ऐकावं लागायचं. त्यामुळं मला तिला फार समजावून सांगावं लागलं नाही. ती माझ्याकडून भूमिती शिकायची आणि मला निबंध वाचून दाखवायची.

असं करत नववीचं वर्ष संपत आलं. चैत्रात यात्रा. तमिळनाडूच्या, बिहारच्या, केरळच्या नंबरांच्या गाड्यांनी गावची गल्ली भरून गेली. आईआप्पा आले. मी दोन दिवस आईच्या पदराआड झोपले, चौदा-पंधरा वर्षांची घोडी. यात्रेच्या रात्री गावातल्या स्टेजवर गलाई बांधवांचा सत्कार झाला. आमच्या शाळेचे हेडसर पाहुणे होते. त्यांनी आप्पांना फेटा बांधला आणि भाषणात म्हणाले की ही माणसं कुठंही गेली तरी मातीला विसरत नाहीत, आपलीच आहेत. आप्पा फेट्यात अवघडून उभे होते, पण खूश होते.

दुसऱ्या दिवशी त्याच हेडसरांनी आप्पांना शाळेत बोलावलं. मी दाराशी उभी होते. आप्पा खुर्चीच्या कडेला बसले, हात मांड्यांमध्ये दाबून, म्हणजे पिवळी बोटं दिसणार नाहीत.

"मुलगी हुशार आहे, वाद नाही," हेडसर म्हणाले. "पण तिचं मराठी बघा. दहावीला शाळेचा निकाल आम्ही दरवर्षी शंभर टक्के लावतो. एका पोरीपायी तो घालवू शकत नाही. दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून बसेल."

सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देणाऱ्यांचा फॉर्म. नापास झालेले, शाळा सोडलेले, कामाला लागलेले तो भरतात. माझं नाव वर्गातून निघणार होतं. मी आप्पांकडं बघत होते. आदल्या रात्री ज्यांच्या डोक्याला फेटा बांधला त्यांनी काहीतरी म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

"तुमी म्हणशीला तसं, सायेब," आप्पा म्हणाले.

बाहेर आल्यावर ते फाटकापर्यंत पुढं चालत गेले. मग म्हणाले, "चल, सेलमला जाऊ. आईबरुबर चल. बाहेरनंच बसायचं तर तितनं बस की. हितं कशापायी झुरतीस?"

दोन वर्षं मी ह्याच वाक्याची वाट बघत होते. गोठ्यात, एसटीत, थंड जमिनीवर. सेल्वी अक्कांच्या हातची कॉफी, कविता, आईच्या हाताखाली बसून वेणी, सगळं त्या एका वाक्यात होतं. आणि मी म्हणाले, "न्हाई."

मला राग आला होता. आप्पांचा, हेडसरांचा, सगळ्यांचा. सेलमच्या शाळेनं मला जाणारी म्हणून बाजूला ठेवलं, विट्याची शाळा आलेली म्हणून काढून टाकत होती. मी कुठल्या तरी एका शाळेतून आत बसून परीक्षा देणार होते. मग पास होवो की नापास. तसं मी बोलून दाखवलं नाही, येतच नव्हतं बोलायला, नुसती न्हाई न्हाई करत रस्त्यात उभी राहिले. आप्पा गोंधळून गेले. त्यांना वाटलं होतं मी उडी मारीन.

आईला घरी कळलं. तिनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि मला म्हणाली, "बाईंचं घर म्हाईत हाय का तुला?"

शिंदे बाई विट्यातच राहायच्या. दार उघडल्यावर त्यांनी आईला ओळखलं नाही, मला ओळखलं. आई आत गेली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "बाई, मी लई शिकल्याली न्हाई. पर पोरगी आत घ्या. वर्गातनं काढू नगा तिला. मी काय वाट्टंल ते करती."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर दया-बिया नव्हती, थोडा वैताग होता. सुट्टी नुकतीच लागत होती. "मला नापास विद्यार्थी आवडत नाहीत, हे आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी यायचं. एक दिवस चुकलीस तर सतरा नंबर मी स्वतः भरीन. हेडसरांशी मी बोलते."

आप्पा एकटेच सेलमला गेले आणि आई माझ्यासाठी राहिली. दुकानातल्या कामगारांचं जेवण तो सगळा उन्हाळा आप्पांनी केलं. भात करपायचा म्हणून कामगार कुरकुरायचे, हे पुढं कळलं. आई रोज माझ्याबरोबर पहिल्या एसटीनं विट्याला यायची. बाई मला माजघरात शुद्धलेखन घालायच्या आणि आई पायरीवर बसून त्यांचे तांदूळ निवडायची. बाई नको म्हणायच्या, ती ऐकायची नाही. उन्हं चढली की आम्ही परत निघायचो. वाटेत ती मला विचारायची, "आज काय शिकलीस?" आणि मी धडा सांगायचे. कधी कधी शबानाही यायची, म्हणायची घरी करमत नाही.

दहावीला मी वर्गात होते, हजेरीत होते. मराठीत पास झाले. काठावर नाही, पण मिरवण्यासारखंही नाही. गणितात मिरवण्यासारखं. शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फळा लागला तेव्हा मी आणि शबाना तो बघायला मुद्दाम गेलो. हेडसर समोरून आले, "शाब्बास" म्हणाले आणि माझं नाव आठवेना म्हणून पाठीवर थाप मारून निघून गेले.

ठरल्याप्रमाणं आप्पा न्यायला आले. सेलमला उतरले आणि जवळजवळ धावतच गल्लीत शिरले. सेल्वी अक्कांनी दारातच गालांवरून हात फिरवले आणि पहिला प्रश्न विचारला, "ऊरहून कधी आलीस? परत कधी जाणार?" ऊर म्हणजे आपलं मूळ गाव. त्यांनी प्रेमानं विचारलं, पण मला कळलं की माझं खातं त्यांनी बंद केलंय. कविता भेटली, मिठी मारली, आणि मग तिच्या नव्या मैत्रिणींबरोबर भराभर काहीतरी बोलली ज्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. माझी तमिळही आता अडखळायला लागली होती. मी महिनाभर राहिले. मग सांगलीला अकरावीत नाव घातलं.

आता मी साताऱ्यात असते, एका शाळेत गणित शिकवते. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, "मॅडम, मूळच्या कुठल्या?" तर मी विटा म्हणते. ते खोटं नाही. पण बाजारात मोगऱ्याच्या ढिगाशेजारून जाताना पाय आपोआप थांबतो, तो विट्यासाठी नाही. पूर्वी मला वाटायचं कधीतरी दोन्हीतलं एक ठरेल. आता ठरवायचा नाद सोडलाय.

दोन वर्षांपूर्वी आप्पांची छाती तेजाबाच्या वाफेनं धरली. डॉक्टरांनी भट्टी बंद सांगितली. दुकान पुतण्याच्या हाती देऊन आईआप्पा कायमचे गावाला आले. सगळ्यांना आनंद झाला, आप्पांना जास्त. उभा जन्म ज्या गावाच्या नावानं काढला, तिथं म्हातारपण काढायचं. पण गाव त्यांना सेलमवाले आप्पा म्हणतं. गावातल्या दुकानात ते पोरांनाही सेलमच्या सवयीनं "अण्णा" म्हणून हाक मारतात आणि पोरं खुसखुसतात. आईचं वेगळंच. सेलमला घरात कुणी तमिळ बोललं की ती रागवायची. इथं आल्यापासून स्वतःच बोलते, भांडी घासताना, एकटी.

परवाच्या रविवारी मी गावी गेले होते. आप्पा पारावर बसायला गेलेले, लवकर परत आले. ओट्यावर टेकले आणि हसत सांगायला लागले. पाण्याच्या योजनेवर बोलणं चाललं होतं, हे काही म्हणायला गेले, तर कालचं एक पोरगं म्हणालं, "आवं आप्पा, तुमास्नी हितलं काय म्हाईत? तुमी बसा निवांत."

सांगता सांगता त्यांचं हसू गेलं. चपलेच्या टोकानं माती उकरत राहिले. मग मान वर न करता विचारलं, "पोरी, तू तवा कशी ऱ्हायलीस गं हितं? एवढीशी हुतीस."

इतकी वर्षं ह्या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडं तयार होती. तिखट होती, एकेक घासून धार लावलेलं. ती बाजूला ठेवून मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले.

"रडत ऱ्हायले, आप्पा."

"फोनवर तर हसायचीस."

"तुमच्या मागं गिऱ्हाईक असायचं."

त्यांनी मान हलवली. मग हात पुढं करून माझा हात धरला आणि म्हणाले, "आता सांग. आता कुणी न्हाई मागं."

मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून. गोठ्यातलं, एसटीतलं, हेडसरांच्या खोलीबाहेर मी काय ऐकायला उभी होते तेही. त्यांनी दोनदा डोळे पुसले, ते मी बघितलं नाही असं केलं. ऊन सरकून आमच्या पायांवर आलं तेव्हा आईनं आतून हाक मारली, "साप्पिड वांग." जेवायला या.

समोरच्या घरातली म्हातारी दारात बसली होती. तिनं कपाळावर आठ्या घातल्या. "अगं, ही कंची बोली म्हनायची?"

"घरची हाय, काकी," आप्पा म्हणाले, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले.